बाहुलीमागचा हात
(मंडळाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



माझी मुलगी म्हणाली, "बाबा, हे सगळं कॉम्प्युटरवर करतात." म्हणून तिला १९८२ सालचा 'द डार्क क्रिस्टल' दाखवला. जिम हेन्सन आणि फ्रँक ऑझ यांच्या या चित्रपटात पडद्यावर एकही माणूस पात्र म्हणून नाही. आहेत त्या बाहुल्या.

त्यातले गिधाडासारखे स्केक्सिस पाहा. आतला कलाकार एक हात डोक्यावर ताणून बाहुलीचे डोके चालवतो. बाहेरचे दिसत नाही, म्हणून छातीवर छोटा मॉनिटर. बाकीच्या हालचालींना इतर सहकारी हात लावतात. सगळ्यांची वेळ जुळली तरच पात्र जिवंत होते.

नोकरीच्या सुरुवातीला मी तारेचे सिग्नल सांभाळले. केबिनमध्ये लिव्हर ओढला की दूरचा सिग्नल पडायचा. तार सैल असली तर अर्धवट. ओढणारा गाडीतल्या कुणालाच दिसत नसे. आपल्या पिंगुळीच्या कळसूत्री बाहुल्यांचेही तेच.

इथे वाढलेली आपली मुले स्टेजवर मराठी बोलायला लाजतात. बाहुलीमागे लपून बोलतील, असे मला वाटते. पुढच्या वर्षी बाहुलीनाट्य करू या. तारा आणि सुतळी माझ्याकडून, आवाज मुलांचा.

गणपती बाप्पा मोरया!