चढते भाव आणि कचेरीतील संगणकांची नोंदवही

कचेरीतील संगणक कधी बदलावा, हे तीन गोष्टींवर ठरते: यंत्राची कुवत, त्यावरील प्रणालीला मिळणारे संरक्षण आणि बाजारभाव. पहिल्या दोहोंची चाहूल वर्षभर आधी लागते, तिसरी गोष्ट महिन्याभरात पालटते. लहान कचेऱ्यांत या तिन्हींचा विचार यंत्र बंद पडल्यावरच होतो आणि मग मिळेल त्या भावाने खरेदी करावी लागते. हे टाळण्याचा भरवशाचा उपाय म्हणजे प्रत्येक यंत्राची नोंदवही ठेवणे आणि दरवर्षी ठरावीक हिस्सा बदलणे. नियोजनाचे बाकी सगळे मुद्दे या नोंदवहीवरच उभे राहतात.

विंडोज १०चा मोफत पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, हे सर्वांना ठाऊक आहे. त्यानंतर पैसे भरून मिळणाऱ्या वाढीव संरक्षणाचा हिशेब मात्र फारसा कोणी मांडलेला नाही. व्यवसायांसाठी त्याचा मूळ दर पहिल्या वर्षी दर यंत्रामागे ६१ डॉलर. पुढे दरवर्षी दुप्पट, म्हणजे १२२ आणि मग २४४. तीन वर्षांचे मिळून ४२७ डॉलर होतात आणि यंत्र जुने ते जुनेच राहते. डिसेंबर २०२५ मध्ये डॉलरने नव्वद रुपयांची पातळी ओलांडली, ती वाढही याच हिशेबात धरावी लागते. हे संरक्षण एक वर्षापुरते, मुदत मिळवण्यासाठी घ्यावे. तिसऱ्या वर्षापर्यंत ओढणे तोट्याचे आहे.

संगणकांच्या सध्याच्या भाववाढीचे मूळ मेमरीत आहे. जगातील बहुतांश डीरॅम मेमरी सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवतात. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सर्व्हरना लागणारी एचबीएम मेमरी तेवढ्याच क्षमतेच्या डीडीआर५ मेमरीच्या सुमारे तिप्पट सिलिकॉन खाते आणि नफाही अधिक देते, म्हणून कारखान्यांची क्षमता तिकडे वळली. डीडीआर४चे उत्पादन आवरते घेतल्याने २०२५ मध्ये जुन्या यंत्रांची रॅमही महागली. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने सर्वसामान्य ग्राहकांसाठीचा ‘क्रुशल’ हा व्यवसाय बंद करण्याचे जाहीर केले.

असा झटका नवा नाही. १९९३ च्या जुलैत जपानमधील निइहामा येथे सुमितोमो केमिकलच्या कारखान्यात स्फोट झाला. चिपच्या वेष्टनाला लागणारी इपॉक्सी राळ तेथे बनत असे. तेवढ्यावरून जगभर मेमरीचे भाव उसळले. सप्टेंबर १९९९ मध्ये तैवानच्या भूकंपाने तेच केले. सर्वांत बोधप्रद उदाहरण थायलंडचे आहे. २०११ च्या ऑक्टोबरात बँकॉकच्या उत्तरेकडील औद्योगिक वसाहती पाण्याखाली गेल्या. त्यांत बांग पा-इन येथील वेस्टर्न डिजिटलचा हार्ड डिस्कचा कारखाना होता. सीगेटचा कारखाना बुडाला नव्हता, पण डिस्क फिरवणाऱ्या मोटरी आणि इतर सुटे भाग पुरवणाऱ्यांकडे पाणी शिरले, म्हणून सीगेटचाही पुरवठा अडला. काही आठवड्यांत डिस्कचे भाव दुपटीच्या आसपास गेले. नोव्हेंबर संपता संपता वेस्टर्न डिजिटलने उत्पादन पुन्हा सुरू केले, तरी भाव पूर्वपदावर यायला वर्षाहून अधिक काळ लागला. भाव चढतो तेवढ्या वेगाने उतरत नाही, हे तेव्हा दिसले. पूर ओसरतो, सध्याच्या वाढीमागे मागणी आहे आणि मेमरीचा नवा कारखाना उभा राहायला काही वर्षे जातात. ‘थोडे थांबू, भाव उतरतील’ हा हिशेब म्हणूनच आज धोक्याचा आहे.

देशातील नव्या कारखान्यांनी हा प्रश्न लगेच सुटणार नाही. साणंद येथील मायक्रॉनचा प्रकल्प जुळणी आणि चाचणीचा आहे. जेवर येथे एचसीएल आणि फॉक्सकॉनच्या ज्या प्रकल्पाला केंद्रीय मंत्रिमंडळाने मे २०२५ मध्ये मंजुरी दिली, तेथे पडद्यांना लागणाऱ्या चिप व्हायच्या आहेत, मेमरी नव्हे. धोरणाचा धक्काही ध्यानात ठेवावा लागतो: ३ ऑगस्ट २०२३ रोजी लॅपटॉपच्या आयातीवर निर्बंध अचानक जाहीर झाले आणि लगोलग पुढे ढकलले गेले.

नोंदवहीत प्रत्येक यंत्रासाठी खरेदीचे वर्ष, प्रोसेसरची पिढी, रॅमचा प्रकार आणि रिकाम्या खाचा, डिस्क, वॉरंटीची मुदत आणि त्यावर चालणारे काम एवढ्या बाबी हव्यात. त्यावरून तीन गट पडतात. इंटेलच्या आठव्या पिढीआधीची बहुतेक यंत्रे विंडोज ११ साठी अधिकृतपणे पात्र नाहीत. ती आधी बदलावीत. पात्र पण मंद यंत्रांत रॅम आणि एसएसडी घालून दोन-तीन वर्षे मिळवता येतात. पात्र आणि नीट चालणाऱ्या यंत्रांच्या तिसऱ्या गटाला हात लावू नये. दिल्लीच्या धुळीत आणि उन्हाळ्यात पंखा कोंडलेले यंत्रही मंद होते. त्याला म्हातारे ठरवण्यापूर्वी उघडून साफ करावे. लक्ष्मीनगरमधील एखाद्या सीए कचेरीत वीस यंत्रे असतील, तर दरवर्षी पाच या गतीने चार वर्षांत फेर पुरा होतो आणि कोणत्याही एका वर्षाचा चढा भाव सगळ्या यंत्रांना लागत नाही.

खरेदीच्या क्रमात मेमरी आणि एसएसडी पुढे, मॉनिटर, कीबोर्ड आणि कॅबिनेट मागे. अनेक पातळ लॅपटॉपांत रॅम पक्की जोडलेली असते, नंतर वाढवता येत नाही. तेथे सुरुवातीलाच १६ जीबी घेणे शहाणपणाचे. नेहरू प्लेस या संगणक बाजाराची ओळख दिल्लीकर श्रोत्यांना करून देण्याची गरज नाही. भाव चढते असताना मात्र तेथील कोटेशनची मुदत लेखी घ्यावी आणि रॅमचा प्रकार व कंपनी बिलात नोंदवून घ्यावी.

भाववाढीची भीती दाखवून खरेदी करायला लावणे हा विक्रेत्यांचा डाव आहे, असा आक्षेप घेतला जातो. तो या पद्धतीला लागू पडत नाही. नोंदवही सर्वांत आधी कोणते यंत्र घ्यायचे नाही, तेच सांगते. घाबरून वीस यंत्रे एकदम उचलण्यालाही तिचा तितकाच विरोध आहे. भाड्याने यंत्रे घेण्याचा पर्याय स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे. वेळेअभावी तो येथे सोडावा लागतो.

कराच्या बाजूने दोन गोष्टी महत्त्वाच्या. संगणकांवर १८ टक्के जीएसटी आहे. करपात्र व्यवसायाला त्याचे क्रेडिट मिळते, करमुक्त सेवा देणाऱ्या शाळा-रुग्णालयांना मिळत नाही, म्हणून त्यांनी पूर्ण किंमत धरूनच अंदाजपत्रक करावे. आयकरात घसारा ४० टक्के आहे, पण खरेदीच्या आर्थिक वर्षात वापर १८० दिवसांपेक्षा कमी झाला तर निम्माच मिळतो. वर्षाचा हिस्सा सप्टेंबर संपण्यापूर्वी घेऊन वापरात आणणे त्यामुळे फायद्याचे ठरते.

जुने यंत्र भंगारवाल्याच्या हवाली करू नये. दिल्लीतील सीलमपूरच्या गल्ल्यांत तारा जाळून तांबे काढताना जो धूर होतो, तो तेथे काम करणाऱ्यांच्या फुप्फुसांत जातो. एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांनुसार नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडेच यंत्र द्यावे, त्याआधी डिस्कवरील ग्राहकांची माहिती कायमची पुसावी आणि केंद्राची पावती नोंदवहीत त्या यंत्राच्या पानाला जोडावी.