धम्मकार्यात हलके काम नाही

(धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या सभेत केलेले भाषण)



आता व्यासपीठावरील आम्हा पाच जणांचे पुष्पहार घालून स्वागत झाले. ज्यांनी पहाटे विहार झाडला, या सतरंज्या अंथरल्या, ज्या भगिनींनी खीर शिजवली, त्यांची नावे मात्र कोणी पुकारली नाहीत. यात संयोजकांना दोष देत नाही; ही सवय आपणा सर्वांचीच आहे.

अंगुत्तर निकायात तथागतांनी आपल्या शिष्यांपैकी कोण कशात अग्र, हे सांगितले आहे. प्रज्ञेत सारिपुत्त, ऋद्धीत मोग्गल्लान, विनयात उपाली. त्यांच्याच पंक्तीत दब्ब मल्लपुत्त आहेत. त्यांचे काम काय? भिक्खूंना निवासाची जागा नेमून देणे. आपल्या भाषेत सांगायचे तर, पाहुण्यांची सोय पाहणारा कार्यकर्ता! तथागतांनी त्या कामातही अग्रस्थान मानले.

कोणी विचारील, ज्याने त्याने आपले काम करावे, असे तर चातुर्वर्ण्यही सांगते. मग फरक काय? फरक फार मोठा आहे. बाबासाहेबांनी १९३६ साली ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये दाखवून दिले की, जातिव्यवस्था कामाची वाटणी करून थांबत नाही, ती काम करणाऱ्या माणसांचीच वाटणी करते, तीही जन्मावरून. संघात तसे नव्हते. उपाली हे शाक्यांचे नाभिक. शाक्य कुमारांनीच तथागतांना विनंती केली की, आमच्या आधी उपालीला प्रव्रज्या द्यावी, म्हणजे आम्ही त्याला वंदन करू आणि आमचा शाक्यपणाचा अभिमान गळेल. पुढे राजगृहाच्या पहिल्या संगीतीत विनयाचे प्रश्न विचारले गेले ते उपालींना. कोसंबीची खुज्जुत्तरा ही राणी सामावतीची दासी. ती धम्म ऐकून येई आणि राणीला व अंतःपुरातील स्त्रियांना सांगे. बहुश्रुत उपासिकांमध्ये ती अग्र ठरली.

एका आजारी भिक्खूकडे कोणी पाहत नव्हते, कारण तो इतरांच्या काही उपयोगी पडत नव्हता. तथागतांनी स्वतः पाणी ओतले, आनंदांनी त्याला धुतले आणि दोघांनी उचलून त्याला मंचकावर निजवले. शास्ताच जेथे हे करतो, तेथे आपण कोणत्या कामाला हलके म्हणणार?

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांत समता प्रस्थापित करण्याची प्रतिज्ञा आहे. तिची सुरुवात विहारापासून व्हावी. नुसते आभार मानून भागणार नाही. वर्षानुवर्षे खीर शिजवणारी भगिनी कार्यकारिणीत का नसावी? तिच्या मागोमाग आपण त्रिशरण-पंचशील का म्हणू नये? आणि आम्हा पदवीधरांनी महिन्यातून एक रविवार हाती झाडू का घेऊ नये? विद्यार्थी मित्रहो, तुम्ही लहान मुलांचा अभ्यास घ्या, वर्गणीचा हिशेब लिहा आणि सतरंज्याही उचला. एकच काम एकाच घराला चिकटू देऊ नका. जात अशीच सुरू होते.

सभा संपल्यावर पहिली सतरंजी मी गुंडाळणार आहे. दुसरे टोक धरायला कोणीतरी यावे, एवढीच विनंती.

भवतु सब्ब मंगलं. जयभीम.