पिशवी साफ केल्यानंतरचे दिवस



गर्भाशयाचें मुख रुंद करून आंतील अस्तर किंवा राहिलेले अवशेष काढून घेण्याची जी लहान शस्त्रक्रिया, तिला आपल्या घरांतून ‘क्युरेटिंग’ किंवा नुसतें ‘पिशवी साफ करणें’ असें म्हणतात. गर्भपात अपुरा राहिला, अंगावरून फार जाऊं लागलें, अथवा अस्तराची तपासणी करावयाची असली, म्हणजे डॉक्टर ती सुचवितात. बहुतेक स्त्रिया त्याच दिवशीं घरीं परततात, आणि येथूनच घरच्या माणसांची जबाबदारी सुरू होते. शस्त्रक्रिया थोड्या मिनिटांची असली, तरी लक्ष ठेवण्याचा काळ दोन आठवड्यांचा आहे.

ही क्रिया कशी होते, तें आधीं पाहूं. गर्भाशयाचें मुख एरवीं मिटलेलें असतें. तें उघडण्यासाठीं क्रमानें जाड होत जाणाऱ्या गुळगुळीत सळया आंत घालतात. हेगार या जर्मन शल्यवैद्याच्या नांवानें त्या ओळखल्या जातात. नंतर आंतील भाग खरवडून किंवा नळीनें ओढून काढतात. गर्भपाताच्या बाबतींत जागतिक आरोग्य संघटना आतां नळीचीच पद्धत पसंत करते. या वर्णनावरूनच संभाव्य धोके ध्यानांत येतील. मुखाला इजा होणें, कांहीं अवशेष आंत राहणें, उघडलेल्या मार्गानें जंतु शिरणें, आणि क्वचित् हत्याराचें टोंक गर्भाशयाच्या भिंतींतून पार जाणें, असे ते धोके होत. हे प्रकार विरळा घडतात; परंतु निष्णात हातांकडूनहि घडूं शकतात.

पहिले एक-दोन दिवस ओटीपोटांत पाळीसारख्या कळा येणें, आणि आठ-पंधरा दिवस थोडेंथोडें अंगावरून जाणें, हें स्वाभाविक आहे. स्वाभाविक त्रासाची खूण अशी कीं, तो दिवसेंदिवस उतरत जातो. कालच्यापेक्षां आज अधिक दुखत असेल, किंवा थांबत आलेला रक्तस्राव पुन्हां वाढला असेल, तर डॉक्टरांस कळवावें.

पुढील चार गोष्टी मात्र तातडीच्या समजाव्या. पहिली रक्तस्रावाची. ‘बरेंच जातें’ एवढ्या उत्तरावरून कोणालाच कांहीं कळत नाहीं, तो मोजावा. तासाला दोन पॅड पूर्ण भिजत असून सलग दोन तास असेंच चाललें, किंवा लिंबाएवढ्या गांठी पडूं लागल्या, तर सकाळची वाट पाहूं नये.

दुसरी तापाची. अंगांत ३८ अंश सेल्सियस, म्हणजे १००.४ अंश फॅरनहाइट, किंवा त्याहून अधिक ताप असणें, थंडी भरणें, स्रावाला दुर्गंधी येणें, हीं जंतुदोषाचीं चिन्हें. दुखणें कमी व्हावें म्हणून दिलेली पॅरासिटामॉलची गोळी तापहि उतरविते. म्हणून थर्मामीटर गोळीपूर्वीं लावावा. दोष रक्तांत पसरल्यावर कधीं ताप नसतोहि. हातपाय गार पडतात, नाडी व श्वास जलद होतात, बोलण्यांत भ्रम दिसतो. ताप उतरला म्हणून अशा वेळीं निश्चिंत राहणें घातक होय.

तिसरी पोटाची. दुखणें सर्व पोटांत पसरणें, पोट कठीण लागणें, फुगणें, उलट्या होणें, खांद्यांत कळ येणें, यावरून आंतील इजेची शंका घ्यावी. चौथी घेरीची. बाहेर रक्त थोडें दिसत असतांहि स्त्री पांढरीफटक पडली किंवा उठतांना बेशुद्ध झाली, तर रक्तस्राव आंत होत असूं शकतो.

एक चिन्ह उशिरां दिसतें. पाळी बहुधा चार ते सहा आठवड्यांत येते. आठ आठवडे होऊनहि ती आली नाहीं, तर प्रथम गर्भ राहिला आहे काय, तें तपासून घ्यावें. तसें नसल्यास गर्भाशयाच्या भिंती आंतून चिकटल्या असण्याचा संभव असतो. याचें पहिलें वर्णन फ्रिच यानें १८९४ सालीं केलें, आणि १९४८ सालीं अॅशरमन यानें त्याकडे वैद्यकाचें लक्ष वेधलें. आज दुर्बिणीच्या साहाय्यानें त्यावर उपचार होतात.

आपल्या परभणी जिल्ह्यांत या ज्ञानाला अंतराचीहि जोड द्यावी लागते. जिंतूर किंवा गंगाखेड येथून परभणी सुमारें चाळीस किलोमीटर. आडगांवाहून तर आणखी लांब. तेव्हां गांवाकडील नातलग स्त्री या कामासाठीं शहरांत आली असेल, तर तिला त्याच संध्याकाळीं एस.टी.त न बसवितां एक-दोन दिवस ठेवून घ्यावें. २०१४ पासून राज्यांत १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका विनामूल्य मिळते. तो क्रमांक आणि इस्पितळाचा कागद हाताशीं असावा.

खरा विलंब मात्र रस्त्यापेक्षां संकोचामुळें होतो. ‘कांहीं नाहीं, बरी आहें’ असें म्हणून अंग चोरणारी स्त्री आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. गर्भपाताची गोष्ट असली, म्हणजे बोभाट्याची भीति अधिक. १९७१ च्या कायद्यानें ठरावीक अटींवर गर्भपात वैध आहे, आणि २०२१ च्या दुरुस्तीनें स्त्रीचें नांव गुप्त ठेवणें डॉक्टरांवर बंधनकारक केलें आहे. क्रिया कोठेंहि व कोणाकडूनहि झालेली असो, उपचार करणाऱ्या डॉक्टरांस खरें तेंच सांगावें; त्यावर तिचा जीव अवलंबून असूं शकतो.

म्हणून पतीनें, सासूनें किंवा आईनें रोज सकाळ-संध्याकाळ तीन प्रश्न स्पष्ट शब्दांत विचारावे: पॅड किती भिजले, ताप किती आहे, आणि दुखणें कालच्यापेक्षां कमी आहे कीं अधिक? तिनें आपण होऊन सांगावें, अशी अपेक्षा ठेवूं नये.