स्मारक टिकते कशाने?



आपली 'विक्रांत' ही विमानवाहू नौका १९६१ साली नौदलात आली. १९७१ च्या युद्धात तिच्या विमानांनी चितगाव व कॉक्स बझारवर हल्ले चढवले. १९९७ मध्ये ती निवृत्त झाली. पुढे मुंबई बंदरात तिचे संग्रहालय झाले. २०१२ मध्ये ते बंद पडले आणि २०१४ मध्ये नौका मोडीत निघाली.

घरातली पितळेची भांडी आठ दिवस घासली नाहीत तर काळी पडतात. मग खाऱ्या पाण्यातल्या लोखंडाची काय कथा! त्याला रंग हवा, डागडुजी हवी, दरसाल पैसा हवा.

अमेरिकेत 'नॉर्थ कॅरोलिना' ही युद्धनौका अशीच भंगारात जाणार होती. त्या राज्यातल्या शाळकरी मुलांनीसुद्धा नाणी गोळा करून दिली. १९६२ पासून ती विल्मिंग्टन येथे महायुद्धात कामी आलेल्यांचे स्मारक म्हणून उभी आहे.

भगिनींनो, स्मारक नुसत्या अभिमानाने टिकत नाही. वर्गणीने आणि देखभालीने टिकते. आपल्या हुतात्मा स्तंभाला शेवटचा चुना कधी लागला? निदान तेवढे काम आपल्या मंडळाने हाती घ्यावे, एवढीच माझी विनंती.