आधी दोर, मग करवत

मंडळी, आपल्याच इमारतीतला एक मुलगा झाडं छाटण्याचा व्यवसाय काढतोय. जुना बँकवाला म्हणून त्याला सांगतो : बाळा, कामं येतात पावसाच्या तोंडावर, हप्ता मात्र बारा महिने. ‘मुद्रा’चं ‘शिशु’ कर्ज ५० हजारांपर्यंत विनातारण मिळतं. त्यातून आधी दोर, सेफ्टी बेल्ट, हेल्मेट घे. मशीनची करवत नंतर. झाड तोडायला महापालिकेची लेखी परवानगी लागते, १९७५चा कायदा आहे. सेक्रेटरींनी घाई केली तरी त्याशिवाय कुऱ्हाड लावू नकोस. आणि माणसांचा विमा काढ.

मी खजिनदार असताना सर्वांत कमी दराचं कोटेशन मंजूर केलं. गुलमोहरावरून माणूस पडला, पाय मोडला. विमा नव्हता. आपण वर्गणी काढली, पण विचारायचं राहिलं ते माझ्याकडूनच. ह्या मुलाचा दर थोडा जास्त असेल. मंडळी, घासाघीस करू नका.