वारा आणील तेवढे पाणी

कोकणातल्या खाडीकाठी भरतीची वेळ तिथीवरून सांगता येते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात ओरिएंटल नावाचे हजारेक वस्तीचे गाव आहे. तिथे हा हिशेब लागत नाही. तिथली भरती वाऱ्याची.

नूस नदीच्या मुखाजवळच्या या गावात माणसांपेक्षा होड्या जास्त, असे गावकरी अभिमानाने सांगतात. शिडाच्या होड्यांचे मरीना, कोळंबीच्या ट्रॉलरांचा धक्का आणि पाण्याच्या पातळीहून जेमतेम वर असलेले रस्ते. नदी पुढे पाम्लिको साउंड या सुमारे १३० किलोमीटर लांबीच्या खारकच्छाला मिळते. त्याची सरासरी खोली आहे जेमतेम ५ मीटर. अटलांटिक महासागर आणि खारकच्छ यांच्यामध्ये आउटर बँक्स ही वाळूच्या बेटांची रांग उभी आहे. समुद्राचे पाणी मोजक्या अरुंद मुखांतून आत येते, त्यामुळे चंद्राच्या भरतीचा जोर तिथेच ओसरतो.

वाऱ्याला मात्र अडवणारे काही नाही. ईशान्येचा वारा खारकच्छाच्या लांबच लांब पाण्यावरून वाहत येतो आणि पाणी नदीच्या मुखात रेटत राहतो. पाणी खोल असते, तर ते तळाशी उलटे वाहून बरेचसे परत गेले असते. उथळ पाण्याला ती सोय नाही. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, की पाण्यावरचा दाब सुमारे चौपट होतो. शिवाय नूसचे पात्र वर जाताना अरुंद होत जाते, त्यामुळे आत रेटलेले पाणी आणखी चढते. नैर्ऋत्येचा वारा सुटला, की याच्या उलट घडते: पाणी निघून जाते आणि धक्क्याला बांधलेल्या होड्या चिखलात बसतात.

२०१८ च्या सप्टेंबरमध्ये ‘फ्लॉरेन्स’ चक्रीवादळ आले. समुद्रात चौथ्या श्रेणीपर्यंत पोचलेले हे वादळ १४ तारखेला राइट्सविल बीचजवळ जमिनीवर आले, तेव्हा पहिल्या श्रेणीवर उतरले होते. श्रेणी घटल्याचे ऐकून अनेकांना हायसे वाटले असेल. पण वादळ रेंगाळत होते, पूर्व-ईशान्येचा वारा तासन्‌तास वाहत होता, आणि वादळकेंद्रापासून शंभर किलोमीटरहून दूर, नूसकाठच्या न्यू बर्न शहरात पाणी सुमारे ३ मीटर चढले. शेकडो माणसांना पाण्यातून बाहेर काढावे लागले. मरीनातल्या होड्या दोर तोडून किनाऱ्यावर चढल्या.

पुढच्याच वर्षी, ६ सप्टेंबरला, ‘डोरियन’ चक्रीवादळाने आउटर बँक्समधल्या ओक्राकोक बेटाला गाठले. वाऱ्याने आधी खारकच्छाचे पाणी मुख्य भूमीकडे ढकलले होते. वादळाचे केंद्र पुढे सरकताच वारा फिरला आणि तेच पाणी बेटाच्या पाठीवर आदळले. समुद्राकडे डोळे लावून बसलेल्यांच्या मागच्या दारातून पूर शिरला. या बेटावरच्या काही जुन्या घरांच्या लाकडी जमिनीत झडपा आहेत. पाणी आले, की त्या उघडायच्या, म्हणजे पाणी घरात येते आणि घर पायावरून उचलले जाऊन तरंगत नाही. सामान भिजते, घर राहते. पिढ्यान्‌पिढ्या पूर पाहिलेल्या माणसांची ही अक्कल पुराच्या कोणत्याही नकाशाइतकीच मोलाची आहे.

चक्रीवादळाची श्रेणी फक्त वाऱ्याचा वेग मोजते. पाण्याच्या उंचीचे आकडे त्या श्रेणीशी जोडण्याची पद्धत अमेरिकी हवामान यंत्रणेने २०१० मध्ये सोडली, आणि २०१७ पासून वादळी लाटेच्या पुराचा इशारा वेगळा दिला जाऊ लागला. हा बदल फार आधी व्हायला हवा होता. तरीही ओरिएंटलसारख्या गावाचे सगळे प्रश्न त्याने सुटत नाहीत. नाव नसलेल्या वादळातही, शरदात वा हिवाळ्यात ईशान्येचा वारा दोन दिवस टिकला, तरी बंदरालगतचे रस्ते पाण्याखाली जातात. अशा वेळी मरीनात माणसे विजेचे जोड बंद करतात आणि दोर सैल सोडतात. दोर आखूड राहिला, तर चढत्या पाण्यात होडी खुंटा उपटते नाहीतर स्वतःच कलंडते. तरंगत्या धक्क्याचे खांब बुटके असतील, तर धक्का वर सरकत त्यांच्या टोकांवरून निसटतो. म्हणून नवे खांब ठोकताना शेजारच्या मरीनातल्या खांबांची उंची पाहून भागत नाही. आजवरचे सर्वांत उंच पाणी, त्यावर लाटेची उंची आणि चढत्या समुद्राची भर, एवढे सगळे धरून खांबाची उंची ठरवावी लागते.