जुनाट दुखणे आणि घरची योगसाधना

(इंदूर येथे मराठी भाषकांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



इंदूर नगरीत मराठी माणसाने योगाविषयी बोलावे, यास एक जुना आधार आहे. १९३५ साली येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद औंध संस्थानचे अधिपती भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी यांनी भूषविले होते. सूर्यनमस्काराचा प्रसार हे त्यांनी जीवितकार्य मानले होते. धडधाकट माणसासाठी त्यांचा संदेश मोलाचा होता. परंतु ज्याची कंबर वर्षानुवर्षे दुखते, ज्याला गुडघ्यांमुळे मांडी घालता येत नाही, त्याने काय करावे? आज मला त्याच्याविषयी बोलावयाचे आहे.

अशी माणसे थोडी नाहीत. वाकून भातलावणी करणारी बाई, फळ्यासमोर दिवसभर उभे राहणारे गुरुजी, कचेरीत आठ तास खुर्चीला खिळलेला लिपिक, या सर्वांच्या घरी हे दुखणे मुक्कामाला आलेले असते. वैद्यकशास्त्र तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या किंवा पुनःपुन्हा उद्भवणाऱ्या वेदनेस दीर्घकालीन वेदना म्हणते. ताजी वेदना हा शरीराने दिलेला इशारा असतो. जुनाट वेदनेचे तसे नेहमीच नसते. कित्येकदा मूळ इजा भरून आलेली असते, पण मज्जासंस्था सावधच राहते. चोर निघून गेल्यावरही राखणीचे कुत्रे रात्रभर भुंकत राहावे, तसा हा प्रकार होय. म्हणून तपासणीत फारसे काही आढळले नाही, तरी दुखणे खोटे ठरत नाही. ‘सोंग करते’ असे सुनेला म्हणणाऱ्या मंडळींनी एवढे ध्यानी ठेवावे.

या अवस्थेत माणूस दोन चुका करतो. पहिली, हालचालीची धास्ती घेऊन तो अंथरूण धरतो. त्यामुळे स्नायू दुबळे होतात, सांधे आखडतात आणि दुखणे वाढते. दुसरी चूक चांगल्या दिवशी घडते. आज बरे वाटते म्हणून तो उत्साहाने बारा नमस्कार घालतो आणि पुढचे तीन दिवस कण्हत काढतो. मग ‘योग आपल्यासाठी नाही’ असे ठरवून चटई गुंडाळून ठेवतो. वस्तुतः दोष योगाचा नसून मापाचा असतो.

या बाबतीत बी. के. एस. अय्यंगार यांचे चरित्र बोलके आहे. १९१८ साली कर्नाटकातील बेल्लूर येथे जन्मलेल्या अय्यंगारांचे बालपण हिवताप, विषमज्वर, क्षय अशा आजारांत गेले. १९३७ साली ते पुण्यास योगशिक्षक म्हणून आले आणि तेथेच त्यांनी आपले कार्य उभे केले. १९७९ साली, वयाच्या साठीत, अपघातामुळे त्यांच्या पाठीच्या कण्यास इजा झाली. जगभर शिष्य असलेल्या या गुरूंना सोप्या आसनांपासून पुन्हा आरंभ करावा लागला. त्यांनी तो कमीपणा मानला नाही. भिंत, दोर, खुर्ची, लाकडी ठोकळे, घोंगडी यांचा आधार घेऊन दुबळ्या शरीरासही आसन साधावे, ही त्यांच्या पद्धतीची मोठी देणगी आहे. २०१४ साली ते निवर्तले, तेव्हा त्यांचे वय ९५ वर्षांचे होते.

योगाने दुखणे समूळ जाते, असा दावा मी करणार नाही. २०१७ साली अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संस्थेने जुनाट कंबरदुखीवर औषधांच्या आधी करून पाहावयाच्या उपायांत योगाचा समावेश केला. त्याच वर्षीच्या कॉक्रेन समीक्षेत मात्र असे दिसले की, योगामुळे हालचालीत थोडी ते मध्यम सुधारणा होते, वेदना काहीशी कमी होते, आणि काही जणांची पाठदुखी वाढतेही. लाभ आहे, पण तो बेताचा आहे. सबब सावधगिरी हवी.

प्रथम डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. दुखण्यासोबत ताप, वजनातील घट, पायातील वाढता अशक्तपणा किंवा लघवी-शौचावरील ताबा सुटणे ही लक्षणे असतील, तर आसनांचा विचार बाजूस ठेवून तातडीने रुग्णालय गाठावे. चालू औषधे आपल्या मनाने बंद करू नयेत. मानेचे दुखणे, उच्च रक्तदाब किंवा काचबिंदू असणाऱ्यांनी शीर्षासनाच्या वाटेस जाऊ नये.

नंतर वेळ ठरवावी. सकाळचे पोहे होण्यापूर्वीची पंधरा मिनिटे पुरेशी आहेत. चांगल्या दिवशी जेवढे सहज जमेल, त्याच्या निम्मेच रोज करावे. ताडासन भिंतीला पाठ टेकून करावे. जमिनीवर बसवत नसेल, तर खुर्चीवर ताठ बसून खांदे, मान व घोटे सावकाश हलवावेत. शवासनात गुडघ्यांखाली लोड घ्यावा. श्वास कोंडू नये. पतंजलींनीही आसनाची ओळख स्थैर्य आणि सुख या दोन गुणांनीच सांगितली आहे. दात-ओठ खाऊन केलेले आसन त्या कसोटीस उतरत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणे नेहमीपेक्षा वाढलेले आढळले, तर माप कमी करावे. आठवडाभर वाढले नाही, तर किंचित वाढवावे. ही नोंद साध्या वहीत ठेवावी. आणि ज्या दिवशी अंथरुणातून उठवणार नाही, त्या दिवशी पडल्या पडल्या वीस संथ श्वास मोजावेत. तीही त्या दिवसाची साधनाच होय. नेम मोडला असे मानू नये.

शाळांतील गुरुजनांना माझी विनंती आहे की, २१ जूनच्या योगदिनी गुडघेदुखीच्या सहकाऱ्यास रांगेबाहेर ठेवू नये. त्याच्यासाठी एक खुर्ची मांडावी. घरच्या मंडळींनीही दुखणाऱ्या माणसास ती पंधरा मिनिटे निवांत मिळू द्यावीत, विशेषतः घरातील स्त्रीला. कारण तिचा वेळ सर्वांचा असतो, तिचा स्वतःचा नसतो.

दुखणे कदाचित सोबत राहील. पण घराचा कारभार त्याच्या हाती द्यावयाचा की नाही, हे पुष्कळ अंशी आपल्या नित्याच्या थोड्याशा अभ्यासावर अवलंबून आहे. तो अभ्यास आपण उद्या सकाळपासून सुरू करावा, एवढे सांगून मी आपली रजा घेतो.